दोन स्टॉपर

३ डिसेंबर २०२४, पिंपळी

फिजिओ म्हणाली होती, रोज थोडं लिहीत जा, डोकं हलकं होतं. वही घेऊन सहा महिने झाले. आज पहिलं पान उघडलं, तेही आजीनं वहीवर तांदळाचा डबा ठेवला होता तो उचलला म्हणून.

कारखान्याच्या वजनकाट्यावर बसायला लागून तिसरा आठवडा चालू आहे. उसाची गाडी काट्यावर येते, गेणबा तात्या खिडकीबाहेरून नंबर ओरडतात, मी तो कॉम्प्युटरवर टाकते, वजन आलं की पावती काढते. मग पुढची गाडी. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाडी, परत ट्रॅक्टर. पप्पांनी कुणाकुणाला भेटून ही जागा मिळवली, कारण "बसून काम आहे".

मी मोनाली रविंद्र साळवे, वय पंचवीस. बाराव्या वर्षी पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेले आणि पुढं दहा-अकरा वर्षं फुटबॉल सोडून काही केलं नाही. जागा स्टॉपरची. गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत. स्टॉपर दोघी असतात. डावीकडं मी, उजवीकडं श्रेया, इंदापूर तालुक्यातल्या नरसिंहपूरची. आम्ही दोघी असताना आमच्या क्लबनं एका मोसमात फक्त चार गोल खाल्ले. हे कात्रण पप्पांनी कपाटाच्या काचेला आतून चिकटवलंय, मेडलांच्या वर, बाबासाहेबांच्या फोटोखाली.

११ मार्च २०२३. फायनल. चौसष्टावं मिनिट. समोरच्या नऊ नंबरनं मागून ढकललं, माझा उजवा पाय गवतात अडकला आणि गुडघ्यातून अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसा आवाज आला. लिगामेंट तुटलं, आतली गादी फाटली. ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी सरावात ते परत तुटलं. डॉक्टर म्हणाले, चालशील, जिने चढशील, स्कूटी चालवशील. त्याच्या पुढं ते काही म्हणाले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

आमचे कोच घोगरे सर हॉस्पिटलात दोनदा आले होते. सर तसे मायाळू. फायनलच्या दिवशी तर फिजिओला बाजूला सारून त्यांनी स्वतः माझ्या गुडघ्याला पट्टी बांधली होती. म्हणाले, "आज सारखी वळू नकोस. मागं धावायचं ते श्रेयाला धावू दे." एवढी काळजी कोण करतं.

पुरे. हात दुखला.


९ डिसेंबर

श्रेयाचा फोन आला. भारतीय संघाच्या सराव शिबिरासाठी तिचं नाव आलंय. वीस जानेवारीपासून. तिथं निभावलं तर संघ, आणि संघात एकदा नाव लागलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी.

मी म्हणाले, "भारी झालं."

"तुझं नाव यायला पाहिजे होतं मोने."

असं म्हणायची काय गरज होती? मी म्हटलं, गाडी आलीय काट्यावर, ठेवते. गाडी आली नव्हती. बैलगाडीवाला शेजारच्या टपरीवर चहा पीत होता आणि बैल उभ्या उभ्या झोपले होते.


१७ डिसेंबर

श्रेयाचे या आठवड्यात तीन फोन. शिबिराचं काही बोलत नाही, माझ्या गुडघ्याचंच विचारते. तुला जिना चढताना दुखायचं का उतरताना? सूज गेल्यावर पण पाय सटकल्यासारखा व्हायचा का? गोळी किती तास पुरायची?

आज मी चिडले. "दोन वर्षं झाली, आता कशाला उकरतीस?"

"असंच."

असंच कुणी विचारत नाही. तिला मनात कुठंतरी अपराधी वाटत असणार. माझ्या जागेवरून ती पुढं गेली ना. तिला वाटतं दुखण्याची चौकशी केली की फिटलं.

आजी तेल लावताना म्हणाली, "आगं, आज दोन्ही गुडघं चोळायला दिलंस. दुसऱ्याला काय झालं?" मला कळलंच नव्हतं. थकवा कुठल्या पायाचा हेही हल्ली समजत नाही.


२६ डिसेंबर

हे नीट लिहून ठेवते.

श्रेया सुट्टीला गावी निघाली होती. पुण्याहून इंदापूरला सरळ गाडी असते, पण ही बारामतीवरून आली. म्हणाली, तुला भेटून जाते. मी दुपारी सुट्टी घेऊन स्टँडवर गेले. गाडी लागली. माणसं उतरली. सगळ्यात शेवटी ती.

स्टॉपर समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघत नाही. डोळे फसवतात, पाय फसवतात. कंबर फसवत नाही. तेरा वर्षांची होते तेव्हापासून मी लोकांच्या कमरेकडं बघत आलेय. श्रेया हसत हात हलवत होती आणि मी सवयीनं तिच्या कमरेकडं बघितलं.

एसटीच्या तीन पायऱ्या. तिन्ही वेळा तिनं दांडा धरून उजवा पाय आधी खाली ठेवला आणि मग डावा त्याच पायरीवर आणला. उतरताना दुखरा पाय आधी. दोन वर्षं मी असंच उतरतेय.

मग ते सगळे फोन आठवले आणि स्टँडवर उभ्या उभ्या माझे कान तापले.

अजून एक गोष्ट लिहायची आहे. ते दिसलं तेव्हा मला बरं वाटलं. पाच-सहा सेकंदच, पण वाटलं. छातीवरचं कुणीतरी उचलल्यासारखं. मग माझीच मला किळस आली.

आम्ही उसाचा रस प्यायलो. तिनं नरसिंहपूरच्या सत्काराचं सांगितलं, पाच तारखेला, तू यायचंसच. इंदापूरची गाडी लागली. चढताना तिनं डावा पाय आधी टाकला. मी खालून हात हलवला.


१ जानेवारी २०२५

पप्पा आणि आत्या कोरेगावला जाऊन आले. मी गर्दीत गुडघ्याला जमणार नाही म्हणाले. हल्ली गुडघा सगळ्याला उपयोगी पडतो.


५ जानेवारी, रविवार

इंदापुरात गाडी बदलून नरसिंहपूरला पोचायला अकरा वाजले. श्रेयाची आई, सारजाकाकू, दारातच म्हणाल्या, "आलीस बाय. चार दिस झालं हिचं एकच, मोनाली येनार का, मोनाली येनार का." मला नवल वाटलं. एवढं काय अडलं होतं?

सत्कार देवळाच्या आवारात. श्रेयाला फेटा, शाल, नारळ. तिचे वडील पुढच्या खुर्चीवर बसून सारखे डोळे पुसत होते. मग सरपंचांनी मलाही वर बोलावलं. आपल्या भागाची आणखी एक वाघीण, नशिबानं घात केला, दोन शब्द बोला म्हणाले. मी माईक घेतला आणि बोलले. फायनल, चौसष्टावं मिनिट, नऊ नंबरनं मागून ढकललं. बायका च्च च्च करत होत्या. श्रेया माझ्याकडं टक लावून बघत होती.

जेवणं झाल्यावर तिला म्हटलं, घाटावर जाऊ. देवळामागून पायऱ्या नदीपर्यंत उतरतात, खाली भीमा आणि नीरा एक होतात. दुपार कलली होती, धुणं धुणाऱ्या बायकाही घरी गेल्या होत्या. अर्ध्यात मी थांबले.

"एका पायावर उभी राहा. उजव्या."

"वेडी का तू?"

"आणि तशीच एक पायरी उतर."

तिनं भिंतीला हात लावला. मी म्हटलं, हात काढ. तिनं काढला. पाय लटपटायला लागला. ती तशीच खाली बसली.

"कधी झालं?"

"नोव्हेंबरात. सरावात. कुणी न्हाय ढकललं. उडी मारली, खाली आले, झालं. आठ दिवस सूज होती, मग गेली. गोळी घेऊन खेळते."

मी तिचा पाय वाकवून पायरीवर ठेवला आणि नडगी दोन्ही हातांनी पुढं ओढली. डॉक्टरांनी, फिजिओंनी हे मला कितीदा केलंय. लिगामेंट घट्ट असेल तर नडगी अडते. तिची अडली नाही. सैल खुंटीसारखी पुढं आली.

"श्रे, शिबिराला जाऊ नकोस. आधी एमआरआय कर."

"मग जागा जाईल."

"जाईल."

ती नदीकडं वळली. मग म्हणाली, "तुझं गेलं म्हणून माझंबी जावं असं वाटतंय का तुला?"

स्टँडवरचे ते पाच-सहा सेकंद माझ्या तोंडावर दिसत असतील असं वाटलं. मग मी तिला ते सांगितलं जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. या वहीतसुद्धा नाही.

नऊ नंबरनं मला ढकललं नाही. फायनलच्या तीन आठवडे आधी मी हेडर मारून वाकडी पडले होते. गुडघा फुगला. मेसमधल्या फ्रिजचा बर्फ लावला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, लंगडणं लपवायला सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर जायचे आणि सगळ्यांच्या नंतर यायचे. सरांनाही कळू दिलं नाही. चौसष्टाव्या मिनिटाला नऊ नंबर माझ्यापासून दोन हात लांब होती. मी फक्त वळले. पडल्यावर सगळ्यांनी तिच्याकडं बोट दाखवलं आणि मी नाही म्हटलं नाही.

"म्हणजे मघाशी माईकवर..." श्रेया म्हणाली.

"खोटं."

"दोन वर्षं त्या पोरीचं नाव घेतीस तू."

"व्हय."

"मग मला कशाला शहाणपण शिकवतीस?"

ती उठली आणि वर गेली. चढताना तिला त्रास होत नव्हता. मी मागून सावकाश गेले. काकूंनी पुरणपोळ्या बांधून दिल्या. श्रेया गाडीपर्यंत आली नाही.


६ जानेवारी

दिवसभर गाड्यांचे नंबर चुकले. दोनदा गेणबा तात्या खिडकीशी येऊन म्हणाले, "ताई, काय झालंय? बरं न्हाय का?" मी म्हटलं, झोप नाही.

जेवणाच्या सुट्टीत काट्यामागच्या लिंबाखाली जाऊन सरांना फोन लावला. माझं आधी सांगितलं. तीन आठवडे, गोळ्या, बर्फ, सगळं. सर रागावतील, दुखावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"वॉर्मअपला तू पहिलं वळण घेतलंस तेव्हाच दिसलं. म्हणून तर पट्टी बांधली."

मी लिंबाला टेकले.

"मग बसवलं का नाही मला?"

"फायनल होती मोनाली. तुझ्या जागी कोण होतं? आणि तू स्वतः बूट घालून आली होतीस. मी ओढून नव्हतं आणलं." आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. मग ते म्हणाले, "श्रेयाचंही दिसतंय मला. शिबिरात एक सामना खेळू दे, नाव लागू दे. नोकरीचं झालं की करू ऑपरेशन. तिच्या घरचं तुला माहीत आहे. तू मध्ये पडू नकोस."

फोन कधी बंद झाला आठवत नाही. आत आले, खुर्चीवर बसले. तात्यांनी नंबर ओरडला, मी टाकला.

त्या दिवशी ते किती हळू पट्टी बांधत होते. गुडघ्याच्या खाली दोन वेढे, वर तीन. मान वर न करता. मला वाटलं होतं, माया.


७ जानेवारी

पप्पांना सांगितलं. पप्पा ऑफिसातून येऊन चप्पल काढत होते. तसेच ओट्यावर बसले. सरांचं ऐकून काही बोलले नाहीत, नऊ नंबरचं ऐकून मात्र मान खाली घातली.

"त्या लेकराला मी किती शिव्या दिल्या असतील," म्हणाले.

थोड्या वेळानं म्हणाले, "तिचा नंबर मिळतो का बघ." मी बघते म्हणाले. अजून बघितला नाही. तिला काय सांगायचं?

आजी आतून म्हणाली, "रविंद्रा, पोरीला जेवाय तर दे आधी." जेवले.


९ जानेवारी

तीन दिवस ठरत नव्हतं. मी श्रेयाला अडवतेय ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? ती संघात गेली तर मला आनंद होईल का? खरं उत्तर, नाही. तिचा पाय मोडला तर? तेही नाही. मग मला नक्की काय हवंय? काट्यावर बसून दोन्ही बाजू मांडल्या, पण हे वजन काही ठरेना. शेवटी असं ठरवलं की माझं मन कसं का असेना, तिची नडगी माझ्या हातात पुढं आली होती. ते माझ्या मनावर अवलंबून नाही.

संध्याकाळी फोन केला. तिनं उचलला.

मी म्हणाले, "सरांना माहीत होतं. माझंही आणि तुझंही."

"माझंही?"

"शिबिरात एक सामना खेळू दे म्हणाले. मग ऑपरेशन करू म्हणाले."

तिच्या बाजूला पाण्याची मोटर चालू होती.

"सर मला रोज विचारायचे," ती म्हणाली, "श्रेया, फिट ना? मी म्हणायचे, फिट सर. मला वाटायचं मी फसवतेय त्यांना. वाईट वाटायचं मोने. रात्री झोप नसायची."

"मलापण तसंच वाटायचं."

"ठेवते," म्हणाली.


१२ जानेवारी, रविवार

सकाळी सात वाजता फोन. "मी बारामतीच्या स्टँडवर हाय. एमआरआय कुठं करतात?"

ती एकटीच आली होती. घरी मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगितलेलं. स्कूटीवर मागं बसवून घेऊन गेले. त्या मशीनच्या आवाजाचा मला अजून त्रास होतो, मी बाहेर व्हरांड्यात थांबले. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "बहीण का?" मी मान हलवली.

रिपोर्ट दुपारी. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. लिगामेंट तुटलंय. गादी शाबूत आहे. म्हणाले, "असंच एक-दोन सामने खेळली असतीस तर गादीही गेली असती, मग अवघड होतं." लवकर ऑपरेशन, पुढं नऊ-दहा महिने.

श्रेयानं तिथल्याच बाकावर बसून शिबिराच्या लोकांना फोन केला. हिंदीत बोलली. नाव, क्लब, उजवा गुडघा. समोरच्यानं काहीतरी विचारलं, त्यावर म्हणाली, "नहीं सर, किसीने नहीं मारा. प्रॅक्टिस में अपने आप हुआ." आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवला आणि मग रडली. मी शेजारी बसले होते. पाठीवर हात ठेवू का नको कळेना, ठेवला नाही.

स्टँडवर चहा घेतला. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. गाडीत खिडकीशी बसली, पण वळून बघितलं नाही. तिच्या जागी आता दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. त्या पोरीला आज फार आनंद होईल.


१४ जानेवारी

सरांचा मेसेज. "तुझ्यामुळे एका मुलीचं आयुष्य थांबलं. समाधान झालं असेल." संक्रांतीच्या शुभेच्छांच्या मध्ये तो आला होता. तीनदा वाचला. उत्तर लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. शेवटी तात्यांनी नंबर ओरडला.

त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकते. पूर्ण चुकलं असं म्हणता येत नाही. माझं लपवणं आणि त्यांचं गप्प बसणं, दोन्ही एकाच गुडघ्यावर पडलं.


२४ जानेवारी, पुणे

सारजाकाकूंनी फोन करून बोलावलं. "तुला सगळं ठाव हाय. आमाला हितलं काय कळत न्हाय. तू चल." श्रेयानं सांगितलंय का, विचारलं. काकू म्हणाल्या, "न्हाय. मीच बोलावती." चार दिवस रजा टाकली.

काल सकाळी ऑपरेशन झालं. दीड तास. काकू बाहेर डोळे मिटून पुटपुटत होत्या. फॉर्म भरताना काउंटरवरच्या बाईनं पेशंटचा व्यवसाय विचारला. काकू गोंधळल्या. मी म्हणाले, "फुटबॉल खेळते." मग तिनं माझं विचारलं, सोबतचं माणूस म्हणून. "साखर कारखान्यात, वजनकाट्यावर," मी सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

आज दुपारी श्रेया पूर्ण शुद्धीवर होती. मी खिडकीशी उभी होते. काकू सफरचंद कापत होत्या.

"तू बोलली नसतीस तर मी आज शिबिरात असते," श्रेया म्हणाली.

"व्हय."

"राग आलाय मला तुझा."

"येऊ दे."

काकूंनी दोघींकडं बघितलं आणि परत सफरचंद कापायला लागल्या.

मग तिनं विचारलं, "मी परत खेळीन का?"

मला माझ्या वेळचं आठवलं. हॉस्पिटलात आलेला प्रत्येक जण म्हणाला होता, खेळशील की, का नाही खेळणार. सर म्हणाले, पप्पा म्हणाले, श्रेयासुद्धा म्हणाली होती. मी सगळ्यांवर विश्वास ठेवला.

"माहीत न्हाय," मी म्हणाले. "तुझी गादी शाबूत हाय, माझी नव्हती. एवढंच माहीत हाय."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "पायाखालची उशी सरकलीय. मोने, जरा उचल."

मी तिचा पाय दोन्ही हातांनी उचलला. एक हात टाचेखाली, एक मांडीखाली, मध्ये काही हलू न देता. बँडेज आणि आधाराच्या लोखंडी पट्ट्यांसकट तो फार जड होता. माझ्या गुडघ्यात कळ आली. काकूंनी सुरी ठेवली, हात पुसले आणि उशी झटकून नीट लावायला घेतली. त्यांना वेळ लागत होता. मी पाय धरून उभी राहिले.